वाळूवर मान वर करून बसलेला ठिपक्यांचा मासा कोणता?

तुम्ही लिहिलंय की वीतभर लांब, पांढुरका, तपकिरी ठिपक्यांचा मासा प्रवाळाशेजारी वाळूवर बसला होता, जवळ गेलं की दोन हात सुळकन पुढे जायचा आणि परत तसाच बसून बघत राहायचा, म्हणून गोबी (तळावर बसणारा एक छोटा मासा) असेल का. मला नाही वाटत. हा बहुतेक सँडपर्च आहे, म्हणजे पॅरापर्सिस या गटातल्या जातींपैकी कुठलातरी.

आधी ठिपके विसरा, ठिपके काय सगळ्यांनाच असतात. पाठ बघा. गोबीच्या पाठीवर सहसा दोन वेगवेगळे पर असतात, तुमच्या फोटोत एकच लांब पर जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला दिसतोय. ब्लेनी नावाच्या दुसऱ्या छोट्या माशाचाही लांब असतो म्हणा, पण तिचं तोंड बोथट, आणि ती बहुतेक भोकात नाहीतर खडकाला चिकटून. सँडपर्च मात्र उघड्यावर बसतो, गळ्याखालचे दोन पर टेकून, आपण पालथं पडून कोपरांवर उठतो ना अगदी तसा, आणि डोळे एक इकडे एक तिकडे फिरवत असतो. ते एकदा नीट बघितलं की परत चुकत नाही.

खरा घोळ लिझर्डफिशशी होतो, तोही असाच तळावर बसणारा मासा. मी स्वतः कितीतरी डायव्ह त्यालाच सँडपर्च म्हणत होतो, शेवटी गाइडने बोटीवर माझाच फोटो झूम करून तोंड दाखवलं, फट डोळ्याच्याही मागे गेलेली आणि तोंड मिटलेलं असून दात बाहेर, तेव्हा ट्यूब पेटली. शिवाय त्याचा पाठीवरचा पर आखूड असतो आणि शेपटीजवळ अजून एक इवलासा मांसल पर.

आता नेमका कुठला सँडपर्च, तर शेपटीवर मोठा काळा डाग असेल तर पॅरापर्सिस हेक्सोफ्थाल्मा. त्यात गालावर तिरप्या रेषा असतील तर नर, ठिपके असतील तर मादी. हे मासे आधी मादी असतात आणि पुढे त्यातल्याच काही नर होतात, त्यामुळे एकाच जातीचे दोन चेहरे बघून लोक दोन जाती समजतात.

पुढच्या वेळी टॉर्च मारून आडवा, बाजूने फोटो घ्या, खोलीवर लाल रंग जातो आणि सगळंच निळं-करडं दिसतं. आणि फोटोच्या नादात तळावर हात टेकू नका प्लीज, शेजारचा दगड स्टोनफिश, म्हणजे दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा, निघू शकतो. शेपटी दिसणारा फोटो असेल तर टाका, मग नक्की सांगतो.