ख्याल ऐकण्यासाठी फोकल स्टेलिया घ्यावा की सोनी एमडीआर-झेड१आर?

गायन हेच तुमचे मुख्य ऐकणे असेल, तर या दोन बंद (म्हणजे कप मागून झाकलेल्या) हेडफोनांपैकी फोकल स्टेलिया घ्यावा. दोन्ही आलटून-पालटून ऐकल्यावर मला असे जाणवले की, स्टेलियात गायकाचा आवाज पुढे येतो आणि द्रुत तानेतला स्वरन् स्वर सुटा कळतो. सोनीच्या आवाज निर्माण करणाऱ्या ७० मिलिमीटरच्या पडद्यातून खर्ज अधिक भरदार उमटतो, डग्ग्याची घुमक तर फारच सुंदर लागते, पण गळा किंचित मागे सरकतो. मात्र दुकानात तुलना करताना दोघांच्या आवाजाची पातळी आधी समान करावी, कारण स्टेलियाची संवेदनशीलता १०६ डेसिबल आणि सोनीची १०० डेसिबल असल्यामुळे व्हॉल्यूमच्या एकाच खुणेवर स्टेलिया मोठा वाजतो, आणि मोठा वाजणारा हेडफोन कानाला सहज सरस भासतो.