एक खूर उभट, एक पसरट: दोन्ही सारखे करायचे का?

प्रश्न: डॉक्टर, आमची घोडी आठ वर्षांची आहे. पुढचा उजवा खूर उभट, डावा पसरट. लंगडत नाही पण खोगीर सारखं एका बाजूला सरकतं. नवीन नालबंद म्हणतो उजव्याची टाच एकदाच भरपूर कापतो, दोन्ही सारखे दिसतील. कापू द्यावं का? तिच्या चार महिन्यांच्या शिंगराचाही एक खूर उभा होतोय असं वाटतं, हे आईकडून आलं असेल का?

उत्तर: एकदाच भरपूर तर अजिबात कापू देऊ नका. उभा खूर म्हणजे बहुतेक क्लबफूट, आणि त्यातला मूळ दोष खुरात नसतोच, तो वर असतो. पायाच्या मागून एक जाड टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी) खाली येतं आणि खुराच्या आतल्या हाडाला खालून चिकटतं, त्याचा वरचा स्नायू आखडला की ते हाड सतत मागे ओढलं जातं, मग टाचेवर वजन कमी पडतं, टाच वाढत राहते आणि पुढच्या टोकावर ताण येऊन तिथली भिंत (खुराचं बाहेरचं कठीण कवच) मधेच आत दबते. पुढच्या खुराचा जमिनीशी कोन साधारण 50 ते 55 अंश, क्लबफूटमध्ये तो 60 च्या वर जातो. खुरावरच्या आडव्या रेघा बघा, टाचेकडे रुंद आणि पुढे दाट असतील तर क्लबफूट आहे समजून जा.

आता टाच झटक्यात उतरवली तर टेंडन काही लांब होत नाही, ते उलट जास्त ताणलं जातं, टाच जमिनीवर टेकतच नाही आणि पुढची भिंत आतून सुटायला लागते. म्हणजे न लंगडणारी घोडी लंगडी. आधी बाजूने एक्सरे काढा, मग दर 4 ते 6 आठवड्यांनी कानशीने थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी पाय खाली ठेवल्यावर टाच टेकतेय ना ते बघायचं. खूर महिन्याला जेमतेम 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

आणि तो पसरट डावा! त्याच्याकडे कुणी बघतच नाही, पण वजन जास्त तोच घेतो आणि बरेचदा पुढे दुखणं तिथूनच निघतं. त्याचं वाढलेलं टोक मागे घ्यायला सांगा, टाचेला आधार द्या. दोन्ही खूर दिसायला सारखे होणार नाहीत, तो हट्ट सोडा. खोगीर सरकण्याचं एक कारण म्हणजे दोन खांद्यांचे स्नायू सारखे भरलेले नसतात, खोगीर जाणकाराकडून बसवून घ्या.

शिंगराचं मात्र याच आठवड्यात दाखवा. आईकडून कल येऊ शकतो, पण झपाट्याने वाढ, जास्त जड खुराक, पायात कुठे दुखणं, यानेही होतं. काही शिंगरं पाय लांब नि मान आखूड असल्याने चरताना कायम तोच पाय पुढे टाकतात, मागे राहणारा उभट होत जातो. खुराक कमी करणं आणि वेळच्या वेळी कानस एवढ्यावर बऱ्याच वेळा भागतं. नाही भागलं तर टेंडनला धरून ठेवणारा चेक लिगामेंट कापायचं ऑपरेशन असतं, ते वर्षाच्या आत केलं तर रिझल्ट चांगला येतो, आठ वर्षांच्या घोडीत तितका नाही. आणि एक्सरेत आईचा दोष मोठा निघाला तर मी तरी तिला पुन्हा फळवणार नाही.