भाकरी का फाटते?

चि. मनू,

चपाती हवी तशी लाटता येते, मग भाकरी उचलताना मधेच का फाटते, आणि बेळगावात आज्जी पिठात उकळतं पाणी का ओततात, असं विचारलंस. दोन्हींचं उत्तर एकच. गव्हातलं ग्लुटेन कणकेला धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं. आधणाचं पाणी पडलं की पिठातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो, त्याच्या जोरावर भाकरी टिकते.

पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. परदेशात पाकिटावरची तारीख बघूनच घे, उरलेलं फ्रीजरमध्ये ठेव.

दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी, चिमूटभर मीठ. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून एक वाटी पीठ घाल, उलथन्याने हलव, पाच मिनिटं झाक. मग परातीत उरलेलं पीठ मिसळ आणि एका भाकरीपुरताच गोळा घेऊन तळहाताच्या टाचेने रगडून मळ. कडांना चिरा पडल्या तर मळणं कमी पडलंय किंवा पाणी. हात ओला करून पुन्हा मळ. एवढ्यात चार भाकऱ्या होतात.

खाली कोरडं पीठ भुरभुरून थाप. एका हाताची बोटं थापतात, दुसरा हात कड सावरतो, भाकरी फिरत राहते. मधे जाड, कडेला पातळ राहिली तर फुगत नाही. थापणं जमेपर्यंत प्लास्टिकच्या कागदात लाटलीस तरी चालेल, आज्जींना सांगू नकोस.

तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून टाक आणि लगेच तिच्यावर ओल्या हाताने पाणी फिरव. इथेच सगळं बिघडतं: पाणी दिसत असताना उलटलीस तर चिकटते, पार वाळू दिलंस तर तडकते आणि तड्यांतून वाफ निसटते. चकाकी गेली, ओल उरली, की उलट. ही बाजू पूर्ण भाजू दे. मग पुन्हा उलटून ज्योतीवर धरायची. तुझ्या विजेच्या शेगडीवर कडेकडेने फडक्याने दाब, पापुद्रा सुटतो.

आणि हो, सगळीकडे ज्वारीचीच नसते. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच बघ, खानापूरकडे पाऊस भरपूर, भात पिकतो, म्हणून तिकडे तांदळाची. तिला उकड पूर्ण पिठाची काढायची. अथणीकडे कोरडवाहू रान, ज्वारीचंच राज्य. तिथल्या पातळ कडक भाकऱ्या वाळवून ठेवल्या की बरेच दिवस टिकतात. हॉस्टेलला न्यायला त्याच बऱ्या.

तुझी आई