सी ड्राइव्ह भरला, डी मात्र मोकळा

प्रश्न : विंडोज ११चे अपडेट जागेअभावी अडते. डी ड्राइव्ह लहान केला, तरी सी वाढवण्याचा पर्याय निष्क्रियच दिसतो. काय करावे?

उत्तर : डिस्कचे भाग लहान-मोठे करण्याच्या विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनात सी वाढवण्यासाठी मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे असावी लागते, आपण डी लहान केल्यावर सुटलेली जागा मात्र डीच्या पलीकडे गेली, म्हणून तो पर्याय मिळत नाही. तरीही पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या सी, डी अशा भागांना, हात लावण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी सेटिंग्जमधील स्टोरेजमध्ये ‘टेम्पररी फाइल्स’ उघडून जुन्या अपडेटच्या फाइल काढाव्यात. तेथे ‘डाउनलोड्स’वर खूण नाही ना, हे अवश्य पाहावे. तेवढ्याने भागले नाही, तर डीमधील सर्व मजकूर बाह्य डिस्कवर घेऊन, त्यातील फाइल उघडून तपासाव्यात आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून डी डिलीट करून सी वाढवावा. सी आणि डी यांच्या मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठी राखलेला भाग) असल्यास ते पुसू नये, जाणकाराला दाखवावे.