रॉ फाईल उघडत नाही म्हणून पार्टीनं वकिलाची नोटीस पाठवली, आता काय करायचं?

उदगीरहून एका फोटोग्राफर भावाचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. लातूरला मंगल कार्यालयातलं एक लग्न त्यांनी केलं, हळद, लग्न, रिसेप्शन सगळं धरून १ लाख २० हजारात ठरलं होतं, ८० हजार आले, उरलेले ४० हजार डेटा दिल्यावर द्यायचे होते. नवरदेवाकडची मंडळी पुण्याला राहते, अल्बम तिकडंच करून घ्यायचा म्हणून त्यांनी रॉ फाईली (कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ, एडिट न केलेल्या) पण मागितल्या, भावानं हार्डडिस्कमधे एडिट केलेल्या ६०० जेपीजी आणि सगळ्या रॉ भरून दिल्या. तिकडं अल्बमवाल्याच्या कॉम्प्युटरवर रॉ उघडेनात, दुसऱ्या एकाकडं उघडल्या तर एडिटच दिसेना, रंग फिके. आता पार्टी म्हणते खराब डेटा दिला, ४० हजार विसरा, आणि पुण्याच्या वकिलाची नोटीस आलीये की ८० हजार परत द्या, वर मानसिक त्रासाचे २ लाख, १५ दिवसांत. भाऊ विचारतात की रॉ वर कॉपीराईट तर माझाच, त्या डिलीट करून टाकू का, आणि नोटिशीला उत्तरच नाही दिलं तर काय होईल.

भाऊ, पहिली गोष्ट, एकही फाईल डिलीट करू नका, उलट आजच्या आज दुसऱ्या डिस्कवर आणखी एक कॉपी मारून ठेवा. तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे की फोटो सगळे आहेत, एकही गेलेला नाही. लग्नाचे फोटो कायमचे गेले तर ग्राहक आयोग फोटोग्राफरला सोडत नाही, कारण अक्षता काही परत पडणार नाहीत, पण तुमच्याकडं तसं काही झालेलंच नाही. रागाच्या भरात डिलीट केलं की तुम्ही हातानं त्यांची केस उभी करून देताल.

आता कॉपीराईटचं. युट्यूबवर बाहेरच्या देशातले फोटोग्राफर सांगतात की रॉ आमची, कॉपीराईट आमचा, ते त्यांच्याकडं खरं असेल पण आपल्याकडं कायदा वेगळा आहे. कॉपीराईट कायदा १९५७, कलम १७ चं खंड (ब) वाचा. फोटो काढणारा लेखक धरला जातो हे बरोबर, पण कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराईटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे ह्या लग्नाच्या फोटोंचे मालक ती पार्टी आहे. रॉ फाईल हातात द्यायची का नाही हा वेगळा मुद्दा, तो तुमचं काय ठरलं होतं त्यावर जातो, आणि तुम्ही तर त्या देऊन बसलात, त्यामुळं नोटिशीच्या उत्तरात "कॉपीराईट माझा" हे वाक्य चुकूनही लिहू नका. आणि नवरीचे रील तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकलेत असं तुम्हीच शेवटी लिहिलंय, परवानगीचा मेसेज नसेल तर ते आधी उतरवा, नाहीतर पुढची नोटीस त्याचीच येईल.

खरी गाठ कुठं आहे सांगतो. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या मेसेजमधे लिहिलंय, "फुल डेटा हार्डडिस्कमधे, एडिट करून". तुमच्या डोक्यात ह्याचा अर्थ ६०० फोटो एडिट आणि बाकीचा सगळा डेटा जसाच्या तसा. पार्टीनं वाचलं की जे जे मिळणार ते सगळं एडिट होऊनच मिळणार. दोन्ही अर्थ निघतात, आणि जिथं दोन अर्थ निघतात तिथं ज्यानं ते वाक्य लिहिलं त्याच्या विरोधातला अर्थ घेण्याकडं कोर्टाचा कल असतो. ह्या एका ओळीमुळं मी तुम्हाला भांडायला जायच्या आधी मिटवून घ्या म्हणतोय, तुमचं काम वाईट आहे म्हणून नाही.

फाईल खराब होती का, तर नाही, आणि हे तुम्हाला सोप्या भाषेत दाखवून द्यावं लागेल कारण समोरचा वकील आणि आयोगावरचे सदस्य काही लाईटरूम (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) वापरत नाहीत. तुमचा कॅमेरा कॅननचा, त्याची फाईल सीआर-थ्री. हा प्रकार कॅननच्या कॅमेऱ्यात २०१८ पासून आला. तिकडचा अल्बमवाला फोटोशॉप सीएस सिक्स ह्या जुन्या व्हर्जनवर बसलाय, त्याचं रॉ उघडणारं अपडेट २०१५ ला थांबलं, मग २०१८ ची फाईल तिथं उघडणार कशी, फाईल ठणठणीत असली तरी नाही उघडणार. दुसऱ्याकडं उघडली पण एडिट दिसलं नाही ते पण बरोबरच आहे, लाईटरूममधे केलेलं एडिट रॉ फाईलच्या आत जात नाही, ते लाईटरूमच्या स्वतःच्या नोंदीत, म्हणजे कॅटलॉगमधे राहतं किंवा शेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाईल बनते तिच्यात, आणि तुम्ही हार्डडिस्कमधे त्या एक्सएमपी टाकल्याच नाहीत असं तुमच्या फोल्डरच्या स्क्रीनशॉटवरून दिसतंय.

पण इथं एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे सेवेतली त्रुटी म्हणजे काय त्याची व्याख्या कलम २ च्या पोटकलम ११ मधे आहे, आणि ग्राहकाला लागणारी माहिती मुद्दाम दडवणं हे पण त्यात धरलंय. तुम्ही मुद्दाम काही दडवलं नाही हे मला मान्य, तरी ते म्हणणार की रॉ देताना ह्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही की ह्याला नवीन सॉफ्टवेअर लागतं आणि ह्यात एडिट नसतं.

म्हणून उत्तर लिहायच्या आधी फाईल उघडून द्या. अ‍ॅडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतं, त्यात जुन्या व्हर्जनला चालेल असं सेटिंग निवडून सगळ्या रॉ डीएनजी (अ‍ॅडोबीचा रॉ फाईलीचा प्रकार) करा. पण जुन्या सॉफ्टवेअरमधे तुमचं एडिट डीएनजीत जसंच्या तसं दिसेल ह्या भरवशावर राहू नका, अल्बमसाठी लागणारे जे फोटो आहेत ते एडिटसकट फुल साईज टीफ किंवा जेपीजी काढून द्या, एसआरजीबी (सगळीकडं चालणारी रंगांची सेटिंग) मधे, म्हणजे रंग फिके दिसायची तक्रार पण राहणार नाही. डिस्क कुरिअरनं पाठवा, पावती जपा, आणि उघडलेल्या फोल्डरचा व्हिडिओ करून ठेवा.

मग नोटिशीला उत्तर, स्पीड पोस्टनं, मिळाल्याची पोच घेऊन, त्यांच्या वकिलाच्या पत्त्यावर. १५ दिवस ही मुदत त्यांनी घातलीये, कायद्यानं नाही, तरी पाळा, कारण उत्तरच दिलं नाही तर पुढं आयोगासमोर ते म्हणणार की ह्यांच्याकडं सांगायलाच काही नव्हतं. उत्तरात असा एक पॅरा टाका: "आपल्या पक्षकारांना दिलेल्या सर्व फाईली सुस्थितीत असून त्या न उघडण्याचे कारण वापरलेले सॉफ्टवेअर जुने असणे हे आहे. कोणतीही चूक मान्य न करता व आमचे सर्व हक्क राखून, त्याच फाईली सर्वत्र उघडतील अशा स्वरूपात विनामूल्य पाठवीत आहोत. कराराप्रमाणे उर्वरित रक्कम रु. ४०,०००/- अदा करावी." "हक्क राखून" हे शब्द सोडू नका, मदत केली म्हणजे चूक कबूल केली असं मग त्यांना म्हणता येत नाही.

एवढं करूनही ते ग्राहक आयोगात गेले तर? जाऊ शकतात, दोन वर्षांपर्यंत मुदत असते, आणि तुम्हाला पुण्यालाच यावं लागेल कारण २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते. व्यवहार ५ लाखांच्या आतला असला की फी पण नाही, म्हणून ही नुसती धमकी समजू नका. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सनं मागता येते, तसा अर्ज द्या, उदगीर ते पुणे दर तारखेला जाणं परवडणारं नाही. पण एक तारीख डोक्यात कोरून ठेवा, आयोगाची नोटीस मिळाली की लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढं एक दिवस नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मधे हे पक्कं केलंय. वकील मिळेना, लग्नसराई चालू होती, ही कारणं ४५ दिवसांनंतर कुणी ऐकत नाही.

मागितलेल्या २ लाखांनी घाबरून जाऊ नका. नोटिशीत आकडा कितीही लिहिता येतो, मिळताना नुकसान दाखवावं लागतं, आणि फोटो हातात असताना, वर तुम्ही फुकट बदलून दिलेले असताना, ८० हजार पूर्ण परत ही मागणी टिकणं अवघड आहे. थोडीफार भरपाई लावतील का, ती त्या "फुल डेटा" वाल्या ओळीमुळं लागू शकते, हे मी लपवत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, म्हणून हा फोन विकू नका, रिसेट मारू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

राहिले तुमचे ४० हजार. ते मागायला तुम्हाला तीन वर्षं आहेत, तोंडी करार पण करारच असतो. एवढ्या रकमेसाठी सरळ दावा टाकायच्या आधी लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज द्या, ते समोरच्यांना नोटीस काढून लोकअदालतीत बोलावतात, तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. अर्जासोबत कोटेशन, ८० हजार आल्याची बँकेची नोंद आणि नवीन डिस्कच्या कुरिअरची पावती लावा, आणि तिथं बसल्यावर त्यांनी ३० हजारात मिटवायची तयारी दाखवली तर माझं ऐका, मिटवा.