लिस्बनमधली जुनी इमारत घेऊन गोल्डन व्हिसा? जरा थांबा

तुम्ही लिहिलंय की लिस्बनच्या अल्फामा या जुन्या भागात एक जुनी इमारत पाहिलीय आणि एजंट म्हणतो घेऊन टाका, गोल्डन व्हिसा (म्हणजे पैसे गुंतवून मिळणारा पोर्तुगालमधे राहायचा परवाना) होईल, वर पर्यटकांकडून एअरबीएनबीचं भाडं सुरू. राव, त्या एजंटकडे जुनंच ब्रोशर पडलेलं दिसतंय! घर घेऊन व्हिसा हा रस्ता ऑक्टोबर २०२३ मधेच बंद झाला. आधी ५ लाख युरो लागायचे, जुन्या घराची डागडुजी करणार असाल तर साडेतीन लाख, पण लिस्बन-पोर्तोतली राहती घरं २०२२ पासूनच त्यातून बाहेर काढली होती. भाडी इतकी वाढली की इथलेच लोक गावाबाहेर फेकले गेले, त्यामुळे त्यांचा राग मला तरी पटतो. एअरबीएनबीचं म्हणाल तर अल्फामा, मोरारिया भागात नवीन परवाने पालिकेने २०१८ मधेच थांबवले होते, त्यामुळे आज काय नियम आहे ते पालिकेकडूनच काढा, एजंटकडून नको.

आता इमारतीत राहतंय कोण ते बघा. गिरगावातली पगडीची चाळ आठवा, इथेही १९९० आधीच्या करारावरचे भाडेकरू असतात आणि ६५ च्या पुढचे असतील तर त्यांना हलवणं जवळपास अशक्य. शिवाय बराच काळ राहिलेल्या भाडेकरूला खरेदीचा पहिला हक्क, आणि अशा जुन्या भागात बऱ्याचदा पालिकेलाही.

हेरिटेजचं आमच्याच घरावरून सांगतो. लिस्बनच्याच ग्रासा भागात फ्लॅट घेतला, नुसत्या खिडक्या बदलायच्या होत्या, म्हटलं अॅल्युमिनियम लावू, तर नाही, लाकडीच हव्या आणि आधी होता तोच रंग, या परवानगीत ५ महिने गेले. दर्शनी भिंतीवरच्या आझुलेजू, म्हणजे इथल्या पारंपरिक रंगीत टाइल्स तर अपवाद सोडता कायद्यानेच काढता येत नाहीत. आणि तळमजल्यावर खोदायचं म्हटलं की पुरातत्त्ववाले उभे राहिलेच समजा, खर्च मालकाचा. बाइशा या शहराच्या मध्यभागात एका बँकेने १९९० च्या दशकात काम काढलं तर खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद निघाले, आता तिथे म्युझियम आहे. बँकेला परवडतं हो, आपल्याला कुठलं!

पैशाचंही एक. भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर नवरा-बायको दोघांची नावं लागतील किंवा मार्च-एप्रिल गाठावा लागेल. नुसतं राहायलाच यायचं असेल आणि तिकडे पेन्शन किंवा भाड्याचं उत्पन्न असेल तर डी-७ व्हिसा बघा, त्याला इमारत विकत घ्यावी लागत नाही, मग वर्षभर भाड्याने राहून गल्ली नीट बघा.

आणि बयाणा दिला नसेल तर देऊच नका अजून. इथे साधारण १० टक्के मागतात, तुम्ही मागे फिरलात की तो बुडाला, विकणारा फिरला तर मात्र दुप्पट मिळतो. आधी मालकीचा उतारा आणि सगळ्या भाडेकरूंचे करार मागा, एजंटच्या नव्हे तर स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या.