‘एग्झ्यूड’ आणि आपला ‘स्वेद’

‘ही एग्झ्यूड्स कॉन्फिडन्स’ (He exudes confidence) या इंग्रजी वाक्यातल्या क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि ते आलं कुठून, असा प्रश्न आहे. कोशात ‘स्रवणे’ दिलंय आणि ते इथे बसत नाही, ही तक्रार रास्त आहे.

मूळ लॅटिन ‘एक्ससूडारे’. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘सूडारे’ म्हणजे घाम येणं. पुढे ‘क्स’मधल्या ‘स’ने दुसरा ‘स’ गिळला. ‘एक्स्पेक्ट’चंही तसंच झालं, तिथे मूळ ‘स्पेक्टारे’, म्हणजे पाहणं. आता गंमत बघा: लॅटिन ‘सूडॉर’, इंग्रजी ‘स्वेट’ आणि संस्कृत ‘स्वेद’ हे तिन्ही आदिम भारोपीय भाषेतल्या, म्हणजे भारत-युरोपातल्या अनेक भाषांच्या पूर्वज भाषेतल्या, एकाच धातूचे वंशज. संस्कृतात तो ‘स्विद्’. स्वेदग्रंथी, पंचकर्मातलं स्वेदन, घामातून जन्मतात असं मानलेले उवांसारखे ‘स्वेदज’ जीव, सगळे याच घरातले. आपला रोजचा ‘घाम’ मात्र ‘घर्म’वरून आला. घर्म म्हणजे उष्णता, त्याचं नातं थर्मामीटरमधल्या ग्रीक ‘थर्मॉस’शी.

म्हणून ‘एग्झ्यूड’मध्ये भळभळ वाहणं नाही. आतला द्रव पृष्ठभागातून हळूहळू बाहेर येतो, बाभळीच्या सालीतून डिंक येतो तसा. छातीतल्या पाण्याच्या तपासणीत ‘एग्झ्यूडेट’ आणि ‘ट्रान्स्यूडेट’ असा भेद करतात, तेही याच धातूचे शब्द. दाह किंवा संसर्गामुळे पाझरलेलं, जास्त प्रथिनांचं पाणी म्हणजे एग्झ्यूडेट.

‘इमॅनेट’ हा जवळचा शब्द, पण वेगळा. त्यातलं लॅटिन ‘मानारे’ म्हणजे वाहणं. तिथे लक्ष उगमाकडे असतं. रेडियममधून निघणाऱ्या वायूला, म्हणजे आजच्या रेडॉनला, आधी ‘रेडियम इमॅनेशन’ म्हणत. वास, आवाज, प्रकाश यांना ‘इमॅनेट’ चालतं. माणसाच्या अंगी मुरलेला गुण न सांगता दिसतो, तेव्हा ‘एग्झ्यूड’च हवं.

मराठीत द्रवासाठी ‘पाझरणे’ अचूक आहे. पण ‘आत्मविश्वास पाझरतो’ म्हटलं की तो गळतोय असं वाटतं, कारण आपल्याकडे पाझर फुटतो तो मायेला, दयेला. ‘ओसंडणे’ जवळ येतं, तरी त्यात काठोकाठ भरून सांडणं आहे, थोडा अतिरेक आहे. आत्मविश्वासाला मराठी उजेडाची क्रियापदं देते. ‘तिच्या बोलण्यातून आत्मविश्वास झळकतो’, हे मी डोळे मिटून वापरेन. आजीच्या चेहऱ्यावरच्या वात्सल्यासाठी मात्र ‘पाझरतं’च.